स्वस्त निळा लेझर, खरा होलोग्राम आणि आपली शाळा



विज्ञान प्रदर्शनात तुम्ही तो पाहिलाच असेल. प्लास्टिकच्या शीटचे चार तुकडे कापून चिकटवलेला उलटा पिरॅमिड, खाली मोबाईल, मोबाईलवर एक व्हिडिओ आणि मधोमध हवेत तरंगणारं फुलपाखरू. समोर पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं असतं, ‘थ्रीडी होलोग्राम’. परीक्षक ‘वा, छान’ म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. गेल्या वर्षी आमच्या शाळेतूनही हाच प्रयोग गेला होता. पाटी मीच लिहून दिली होती, त्यामुळे आजचा लेख आधी माझ्यासाठीच आहे असं समजा.

तो होलोग्राम नाही. रात्री एसटीत बसल्यावर खिडकीच्या काचेत बाहेरच्या अंधारात आपलाच चेहरा दिसतो ना, तसंच ते. तिरप्या पारदर्शक शीटवर मोबाईलच्या पडद्याचं प्रतिबिंब पडतं, बस्स. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये हीच युक्ती मोठ्या काचेवर करून रंगमंचावर भूत उभं केलं होतं. त्याची मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. म्हणून या युक्तीला ‘पेपरचं भूत’ म्हणतात. युक्ती सुंदर आहे, मुलांना प्रकाशाचं परावर्तन शिकवायला उत्तम आहे. फक्त तिचं नाव होलोग्राम नाही.

मग खरा होलोग्राम म्हणजे काय?

फोटोत काय नोंदवलं जातं ते आठवा. वस्तूवरून आलेला प्रकाश कुठे जास्त, कुठे कमी, एवढंच. पण प्रकाश ही लाट आहे. ती लाट त्या ठिकाणी चढावर होती की उतारावर, ही माहिती फोटोत हरवते. विज्ञानाच्या भाषेत तिला ‘कला’ म्हणतात. वस्तूचा कोणता भाग जवळ, कोणता लांब, हे त्या हरवलेल्या माहितीतच असतं. ती पकडायची कशी? वर्गात सांगायचं तर पाण्याच्या हौदाचं उदाहरण घ्या. दोन ठिकाणी एकदम खडे टाकले की दोन्हीकडच्या लाटा एकमेकींत मिसळतात. काही जागी पाणी जोरात हलतं, काही जागी जवळजवळ स्थिर राहतं आणि एक नक्षी तयार होते. होलोग्राममध्ये एक लाट थेट लेझरकडून येते आणि दुसरी वस्तूवर आपटून येते. दोघींची नक्षी, म्हणजे व्यतिकरणाचे पट्टे, फिल्मवर कायमचे उमटतात. नंतर त्या फिल्मवर योग्य दिशेने प्रकाश टाकला की वस्तूकडून आलेली लाट जशीच्या तशी पुन्हा निघते. डोळ्याला वाटतं, वस्तू तिथेच आहे. मान डावीकडे नेली की वस्तूची डावी बाजू दिसते. मोबाईलच्या पिरॅमिडमध्ये हे होत नाही. तिथे तुम्ही कुठूनही पाहा, व्हिडिओत आहे तेवढंच दिसतं.

याहून मोठी गंमत म्हणजे होलोग्रामची काच फुटली तरी तुकड्यात अर्धं चित्र राहत नाही. तुकड्यातूनही पूर्ण वस्तू दिसते, फक्त त्या तुकड्याच्या जागेवरून. खिडकीवर पुठ्ठा लावून त्याला छोटं भोक पाडलं तर त्यातूनही सगळं अंगण दिसतंच की. डोळा जरा इकडेतिकडे करावा लागतो, एवढंच.

ही कल्पना डेनिस गाबोर यांना १९४७ साली सुचली, तीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत. तेव्हा लेझर नव्हताच. तो १९६० मध्ये आला. पुढे १९६२ च्या सुमारास रशियात युरी डेनिस्युक आणि अमेरिकेत लीथ व उपॅटनीक्स यांनी वेगवेगळ्या वाटांनी हे काम पुढे नेलं. गाबोर यांना १९७१ चं नोबेल मिळालं. आपल्या डेबिट-क्रेडिट कार्डांवरचे चमकणारे होलोग्राम हे याच घराण्यातले, साच्याने छापलेले. मास्टरकार्डने ते १९८३ मध्ये कार्डावर आणले.

आता निळ्या लेझरकडे येते, कारण लेख लिहायला बसले ते त्याच्यामुळेच.

निळा प्रकाश देणारा लेझर पूर्वी म्हणजे मोठं धूड असायचं. हेलियम-कॅडमियमचा किंवा आर्गॉन वायूचा. किंमत लाखांच्या घरात, आर्गॉनच्या मोठ्या नळीला तर थंड करायला पाणी लागायचं. शाळेचा प्रश्नच नव्हता, कितीतरी कॉलेजांनाही ते परवडत नव्हतं. मग जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत काम करताना, १९९० च्या दशकाच्या मध्यावर, गॅलियम नायट्राइडपासून निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा लेझर डायोड बनवला. (निळ्या एलईडीसाठी त्यांना, आकासाकी आणि आमानो यांना २०१४ चं नोबेल मिळालं, ते तुम्हाला माहीत असेलच.) ब्लू-रे चकत्या आल्या, प्रोजेक्टर आले, लाकडावर नाव कोरणारी छोटी यंत्रं आली आणि निळे डायोड ढिगाने बनू लागले. आज ऑनलाइन दुकानात ‘निळा लेझर’ टाईप करा, काही हजारांत पाच वॅट, दहा वॅट असं काहीही घरपोच मिळतं.

म्हणूनच मला गेल्या काही महिन्यांत तीन शिक्षकांनी विचारलं, ‘मॅडम, हा स्वस्त निळा लेझर घेऊन मुलांकडून खरा होलोग्राम करून घेतला तर?’ माझं उत्तर आहे, खरा होलोग्राम नक्की करा. पण तो लेझर घेऊ नका.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील गावात लाकडी नेमप्लेट आणि ट्रॉफ्या कोरून देतात. मी विचारल्यावर ते मोठ्या उत्साहाने यंत्राचं लेझरचं डोकं काढून घेऊन आले. ‘मॅडम, पाच वॅटचा आहे, चालंल ना?’ मी म्हटलं, दादा, पळंल! शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मागच्या खोलीत आम्ही मांडणी करायला बसलो. यंत्राबरोबर हिरव्या प्लास्टिकचा एकच चष्मा आला होता. तो त्यांनी लावला. मी बाजूला उभी राहिले, म्हटलं आपण सरळ थोडंच बघणार आहोत. तेवढ्यात चौथीतला एक मुलगा विसरलेला डबा न्यायला दारातून आत आला आणि टेबलावरचा स्टीलचा डबा त्याने उचलला. झाकणावरून निळा ठिपका उसळला, भिंतीवरून सरकत दाराच्या चौकटीवर गेला. मुलाच्या डोक्याच्या वितभर वर. मी ओरडले, दादांनी वायर उपटली. मुलाला काही झालं नाही. त्याला तर कळलंही नाही, तो म्हणाला, ‘बाई, कसलं भारी दिसलं!’

दार आतून लावलं नव्हतं, ही चूक माझी. टेबलावर चकचकीत वस्तू राहू दिली, तीही माझीच.

त्या रात्री बसून सगळं नीट वाचलं. लेझरचे धोक्यानुसार वर्ग असतात. दिसणाऱ्या प्रकाशात एक मिलीवॅटपर्यंतचा दुसऱ्या वर्गात येतो. तिथे डोळा आपोआप मिटतो आणि आपण वाचतो. ५०० मिलीवॅटच्या पुढे चौथा वर्ग, सगळ्यात वरचा. त्यात सरळ किरणच काय, खडबडीत भिंतीवरून पसरून आलेला प्रकाशसुद्धा जवळून धोक्याचा ठरू शकतो. पाच वॅट म्हणजे ५००० मिलीवॅट! जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा यंत्र किती वीज खातं त्याचा असतो, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा नव्हे, हे मान्य. पण निम्मा धरा, पाव धरा, तरी चौथाच वर्ग.

त्यात निळ्याची एक वेगळीच लबाडी आहे. आपला डोळा ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला हिरव्याच्या मानाने फारच कमी संवेदनशील असतो. तेवढ्याच शक्तीचा हिरवा प्रकाश सुमारे पंचवीसपट प्रखर वाटतो. म्हणजे निळा ठिपका ‘एवढा काही तेज नाही’ असं वाटत असताना त्यातली ऊर्जा मात्र पूर्ण असते आणि डोळ्याच्या पडद्यावर निळ्या प्रकाशाचा रासायनिक परिणामही जास्त होतो. गणपती मिरवणुकीतल्या लेझर झोतांमुळे तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण २०२३ मध्ये वाचल्या आहेत. तिथे तर खुलं मैदान होतं. आपल्या वर्गात वीस बाय वीसची खोली आणि स्टीलचे पंचवीस डबे!

बरं, एवढा धोका पत्करून होलोग्राम तरी आला असता का? नाही. हे मला माझ्या मावसभावाने समजावलं. तो वरिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. म्हणाला, ‘ताई, होलोग्रामला वॅट नाही लागत, शिस्त लागते.’

ही शिस्त म्हणजे सुसंगतता. एक मूल खणखणीत आवाजात सातचा पाढा म्हणतंय, तर तुम्ही डोळे मिटूनही सांगू शकता की ते आता कुठे आहे. साठ मुलं आपापल्या वेगाने म्हणू लागली की पहिल्या दोन ओळींतच गोंधळ. कोरीवकामाच्या लेझरमध्ये शक्ती वाढवण्यासाठी प्रकाश निघण्याची फट रुंद ठेवलेली असते, त्यातून एकाच वेळी अनेक जरा-जरा वेगळ्या तरंगलांबी निघतात. म्हणजे साठ मुलांचा वर्ग. लाट किती अंतरापर्यंत शिस्तीत राहील याचं ढोबळ गणित सोपं आहे. तरंगलांबीचा वर्ग करायचा आणि तरंगलांबीतल्या पसाऱ्याने भागायचं. ४५० चा वर्ग २,०२,५००. पसारा एक नॅनोमीटर धरला तर उत्तर २,०२,५०० नॅनोमीटर, म्हणजे ०.२ मिलिमीटर! त्यातही प्रकाश वस्तूपर्यंत जाऊन परत येतो, म्हणून खोली मिळणार त्याच्या निम्मी. नाण्याचा उठावसुद्धा त्यात धड बसायचा नाही. हाच पसारा एक हजारांश नॅनोमीटर इतका अरुंद केला की तेच गणित २० सेंमी देतं. मग नाणं, शिंपला, पितळी गणपती, सगळं मावतं.

असा शिस्तीचा निळा डायोडही आता स्वस्तात मिळतो, हे खरं. पण तो दिसायला अगदी गरीब. ओसराम कंपनीचा पीएल ४५०बी नावाचा डायोड आहे, ८० मिलीवॅटचा, मुगाच्या दोन-तीन दाण्यांएवढा. होलोग्रामचा छंद असणाऱ्यांमध्ये असेच बारके डायोड चालतात. त्याला स्थिर विद्युतप्रवाह द्यायचा, तापमान हलू द्यायचं नाही, मग तो बराच वेळ एका सुरात राहतो. प्रवाह किंवा तापमान जरा सरकलं की सूर बदलतो आणि काच कोरी निघते.

भावाने दिवाळीच्या सुट्टीत मला त्याच्या प्रयोगशाळेत बोलावलं. आदल्या दिवशी त्याने काचेवर जिलेटिनमध्ये अमोनियम डायक्रोमेट मिसळून पातळ थर दिला होता. निळा लेझर इथेच उपयोगी पडतो. हा थर लाल प्रकाशाला आंधळा असतो, निळ्याला मात्र प्रतिसाद देतो. म्हणून तर सगळं काम लाल दिव्याखाली करता येतं. पण प्रतिसादही सावकाश. दर चौरस सेंमीला १०० मिलीज्यूल धरा. ५० मिलीवॅट प्रकाश १० सेंमी व्यासाच्या वर्तुळावर पसरला तर अडीच मिनिटांहून जास्त वेळ लागतो.

अडीच मिनिटं ऐकायला काहीच नाही. पण त्या वेळात काच, वस्तू, लेझर यांपैकी काहीही केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकंसुद्धा हलायला नको. कारण निळ्याच्या नक्षीतले थर एकमेकांपासून सुमारे १५० नॅनोमीटरवर असतात. लाल लेझरला हेच अंतर दोनशेच्या पुढे, म्हणजे या बाबतीत लाल जरा माफ करणारा. आम्ही पंखे बंद केले, मोबाईल बाहेर ठेवले, वाळूने भरलेल्या ट्रेवर मांडणी केली आणि भिंतीला टेकून श्वास रोखल्यासारखे बसलो. वाळूची ही कल्पना जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लॉइड क्रॉस आणि जेरी पेथिक यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला महागड्या टेबलांऐवजी वाळूची पेटी वापरून सर्वसामान्यांना होलोग्राम शिकवले.

पहिली काच कोरी. डायोडला तापून स्थिर व्हायला वेळच दिला नव्हता. दुसऱ्या वेळी अर्धा तास थांबलो. काच आधी पाण्यात, मग जास्त-जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, मग गरम हवेत. आणि काचेच्या मागे रिकाम्या जागेत शिंपला! त्याच्या कडेवरच्या रेघासुद्धा मोजता येत होत्या. गंमत म्हणजे काढला निळ्या प्रकाशात, दिसला सोनेरी-हिरवा. जिलेटिन फुगल्यामुळे थरांमधलं अंतर वाढतं आणि रंग लालाच्या बाजूला सरकतो. भावाचा एक जुना नमुना वर दुसरी काच न चिकटवता तसाच ठेवलेला होता, तो पावसाळ्यातल्या दमट हवेने पार पुसून गेला होता. कोकणातल्या मंडळींनी हे खास लक्षात ठेवावं.

आता माझं मत. बी.एस्सी.ला शिकवणाऱ्यांनी हा निळा डायोड आणि जिलेटिनचा मार्ग जरूर धरावा, ४५० नॅनोमीटरसाठीचे खरे चष्मे प्रत्येकाला एक असे घेऊन. पण पहिली ते आठवीच्या शाळेत डायक्रोमेट आणू नका. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्वचेला लागलं तर ॲलर्जी जडते आणि उरलेलं पाणी मोरीत ओतता येत नाही. निळ्याचा मोठा फायदाच डायक्रोमेटसाठी आहे. ते वजा केलं तर प्राथमिक शाळेत निळ्याचा हट्ट कशाला?

आपल्यासाठी पाच मिलीवॅटच्या आतला लाल डायोड आणि स्वतःच तयार होणारी फोटोपॉलिमर फिल्म, ही जोडी बरी. फिल्मला धुणं नाही, रसायन नाही. डायोडपुढची लेन्स काढून टाका. त्याचा प्रकाश मग आपोआप पसरतो, टोकदार किरण उरत नाही आणि सुरक्षितताही वाढते. अमेरिकेतल्या लेक फॉरेस्ट कॉलेजचे टंग जॉंग यांनी नवख्यांसाठी हीच सोपी रीत शिकवली. तरी त्यात टक लावून बघायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. फिल्म घेताना ती कोणत्या रंगासाठी आहे ते पाहून घ्या, नाहीतर पैसे पाण्यात. वस्तू टणक निवडा, पान-फूल चालत नाही, ते आपल्या नकळत सुकत-हलत असतं. टेबलापेक्षा खालची शहाबादी फरशी बरी. आणि शाळा रस्त्यालगत असेल तर संध्याकाळ उलटू द्या.

काही जण म्हणतील, मुलांना लेझरच नको, बंदीच घाला. मला ते पटत नाही. जत्रेत हिरवा पॉइंटर सहज विकत मिळतो, माझ्या वर्गातल्या चार मुलांकडे आहेत. त्यावर किती मिलीवॅट लिहिलंय ते कोणी वाचत नाही आणि लिहिलेलं खरं असेलच असंही नाही. शाळेने विषयच काढला नाही तर ती मुलं शिकणार कुठे, मिरवणुकीत? होलोग्राम करायला पाच-दहा मिनिटं अंधारात गप्प बसावं लागतं. त्या आधीच्या तासाला मी वर्ग, मिलीवॅट, स्टीलचा डबा, सगळं सांगते. माझी फजितीही सांगते. आणि डबे बाहेर ठेवायला लावते.

आमचा लाल होलोग्राम जानेवारीत झाला. दोन फिल्म वाया गेल्या, एक कोणीतरी शिंकल्यामुळे. तिसऱ्यावर एक रुपयाचं नाणं आलं. टॉर्च एका ठराविक कोनातून धरला तरच दिसतं, नाहीतर नुसती काच. मोठ्या पिरॅमिडपुढे ते फारच किरकोळ वाटतं, हे कबूल करते. पण मुलं मान डावी-उजवीकडे करून बघत राहतात आणि बोट लावून खात्री करतात की मागे काहीच नाही.

पिरॅमिडही यंदा आम्ही प्रदर्शनात ठेवला आहे, नाण्याच्या शेजारीच. पाटी मुलांनी नवीन लिहिली, ‘पेपरचे भूत’. एका परीक्षकांनी थांबून विचारलं, ‘कोणता पेपर रे? लोकल का?’ मग पाचवीतल्या मुलीने त्यांना लंडनच्या काचेपासून एसटीच्या खिडकीपर्यंत सगळं सांगितलं आणि म्हणाली, ‘सर, होलोग्राम हा नाही, तो बाजूचा. जरा खाली वाका, म्हणजे दिसेल.’